उसातले इमान आणि त्याचा नोंदणी क्रमांक

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, म्हणजे फिटर, या व्यवसायाचा निदेशक म्हणून ३१ वर्षे काढल्यानंतर जून २०२३ मध्ये मी निवृत्त झालो, आणि हातांना काही तरी काम हवे म्हणून ज्या गोष्टींचा विचार केला त्यांत ड्रोन ही एक होती. उडवण्याची हौस खरे तर दुय्यम होती. चार मोटरींवर तोललेले यंत्र हवेत एका जागी स्थिर कसे राहते, हे मला स्वतःच्या हाताने करून पाहायचे होते. त्यासाठी कोणाची परवानगी लागेल का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही, आणि ज्यांना मी ही कल्पना बोलून दाखवली त्यांच्यापैकी कोणीही तो विचारला नाही. कोल्हापुरात लग्नाच्या वरातीवर ड्रोन घिरट्या घालताना सगळ्यांनीच पाहिलेला असतो, त्यामुळे हा पतंगाचाच महागडा भाऊ असावा अशी आमची सर्वांची समजूत होती. ती समजूत दुरुस्त होण्यात पुढचे वर्षभर गेले.

पहिली दुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये झाली. माझा भाचा कॅनडात असतो. तो महिनाभराच्या सुट्टीसाठी येणार होता आणि माझ्यासाठी त्याने तिकडून एक तयार ड्रोन घेतला होता. वजन २४९ ग्रॅम, खोक्यावरच तसे ठळक छापलेले. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कोणताच नियम लागू नाही, असे त्याने कुठेतरी वाचले होते, आणि त्याच्या देशापुरते ते बव्हंशी खरेही होते. विमानतळावर सीमाशुल्क विभागासमोर त्याने स्वतःहून ड्रोन जाहीर केला तेव्हा त्याला सांगण्यात आले की परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने ड्रोनची आयात बंद आहे. पूर्ण जोडलेला, अर्धवट सुटा केलेला किंवा पूर्ण सुटा केलेला, यांपैकी कोणत्याही रूपात तो आणता येत नाही, आणि संशोधन, संरक्षण व सुरक्षा या कामांसाठी जी सवलत आहे ती मामाच्या हौसेला लागू नाही. वजनाचा प्रश्नच तिथे नव्हता. नियम दोन वेगवेगळ्या खात्यांचे आहेत, आणि उडवण्याच्या नियमांत हलक्या ड्रोनला मिळणारी सूट आयातीच्या बंदीत मिळत नाही, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

त्याने खरे सांगितले होते म्हणून एक गोष्ट बरी झाली. सीमाशुल्क कायदा, १९६२ याच्या कलम ८० प्रमाणे प्रवाशाने खरेपणाने जाहीर केलेली वस्तू ताब्यात ठेवून ती परत जाताना त्याच्या हवाली करता येते. भाच्याला पावती मिळाली, आणि महिन्याने जाताना पावती दाखवून तो आपला ड्रोन घेऊन गेला. घरी आला तेव्हा पहिले वाक्य हेच होते, “मामा, तुमचं प्रेझेंट एअरपोर्टवर जमा आहे.”

त्याच अधिसूचनेत माझ्या कामाची एक ओळ होती. ड्रोनच्या सुट्या भागांच्या आयातीला परवानगीची गरज नव्हती, त्यामुळे मोटरी, वेगनियंत्रक, उड्डाण नियंत्रक (यंत्राचा तोल सांभाळणारी छोटी संगणकी पाटी), रेडिओ असे सगळे सामान देशातल्या दुकानांत राजरोस मिळत होते. मला तर तेच हवे होते. ४५० मिलिमीटरचा सांगाडा, चार मोटरी, १० इंची पाती, तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट, एवढे सामान जानेवारी २०२४ पर्यंत जमले. तारांना डाग देणे, मोटरींच्या फिरण्याच्या दिशा जुळवणे, भारकेंद्र मधोमध आणणे, यांत दोन-अडीच महिने आनंदात गेले. त्याबद्दल लिहीत बसलो तर वेगळाच लेख होईल. इथे एवढेच सांगतो की पाती न लावता, फक्त मोटरी फिरवून सगळी चाचणी घरात होते, आणि नवख्याने ती तशीच करावी, कारण १० इंची पाते बोटाला लागले तर टाके पडतात.

नियम वाचायला बसलो ते यंत्र तयार झाल्यावर, म्हणजे उलट क्रमाने. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची पहिली सविस्तर नियमावली १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली होती. १२ मार्च २०२१ रोजी तिच्या जागी दुसरे नियम आले, आणि ते फारच किचकट आहेत अशी सर्व बाजूंनी ओरड झाल्यावर २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रसिद्ध झाले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. मी हे नियम राजपत्राच्या मूळ प्रतीत वाचले, आणि सरकारी कागद वाचायची सवय असलेल्या माणसाला ते एका बैठकीत समजतात, असे माझे मत आहे. गोंधळ होतो तो नियमांमुळे कमी आणि जुन्या नियमांवरचे अर्धवट सल्ले अजून सगळीकडे फिरत असल्यामुळे जास्त. २०१८ च्या नियमांत सर्वांत हलक्या ड्रोनला ५० फुटांपर्यंत असलेली सूट मला तीन जाणत्या माणसांनी आजचा नियम म्हणून सांगितली.

माझ्या दृष्टीने नियमांतला पहिला प्रश्न वजनाचा होता. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो लघु, २५ ते १५० किलो मध्यम आणि त्यावर मोठा, असे पाच वर्ग आहेत. वजन बॅटरीसकट, जे काही घेऊन यंत्र उडणार त्या सगळ्यासकट धरायचे असते. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो याची मला खात्री होती, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसताना ड्रोन तिथे नेला. शेंगदाण्याच्या पोत्याशेजारी काट्यावर तो ठेवल्यावर आकडा आला १,१४० ग्रॅम. दुकानदाराने सवयीने “आणि काय देऊ?” असे विचारले आणि मग आम्ही दोघेही हसलो. म्हणजे माझा वर्ग मायक्रो.

दुसरा प्रश्न उपयोगाचा. २५ किलोच्या आतला, केवळ शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी असलेला आणि नजरेच्या टप्प्यातच उडवला जाणारा जो ड्रोन, त्याला नियमांत ‘मॉडेल’ म्हटले आहे, आणि अशा मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे त्या बनावटीच्या यंत्राची तपासणी होऊन मिळालेला दाखला. घरी बनवलेल्या एकट्या यंत्रासाठी तो मिळवणे परवडण्यासारखे नाही, त्यामुळे ही सूट नसती तर माझी हौस इथेच संपली असती. मात्र तिला ‘नजरेच्या टप्प्यात’ आणि ‘मनोरंजन’ या दोन खुंट्या आहेत. मी शेजाऱ्याच्या लग्नाचे चित्रण पैसे घेऊन केले तर त्याच क्षणी माझे यंत्र मॉडेल राहत नाही. तिसरा प्रश्न चालकाचा. नॅनो ड्रोन उडवायला आणि मायक्रो ड्रोन बिगर-व्यावसायिक कामासाठी उडवायला दूरस्थ चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. बाकीच्यांना अधिकृत प्रशिक्षण संस्थेत शिकून ते घ्यावे लागते. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि किमान दहावी उत्तीर्ण अशी अट आहे. आमच्या भागात उसावर औषध फवारणारे ड्रोन आता येऊ लागले आहेत. ते लघु वर्गातले, त्यांना प्रकार प्रमाणपत्रही हवे आणि चालकाचेही. एकाच बांधावर उभे राहून ते आणि मी दोन वेगळ्या नियमांखाली उडतो.

नोंदणीतून मात्र सुटका नव्हती. तेव्हा, २०२४ मध्ये, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर खाते उघडून ‘डी-२’ हा अर्ज भरायचा, १०० रुपये शुल्क द्यायचे आणि ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक मिळवायचा. हा क्रमांक तीन अनुक्रमांकांना बांधलेला असतो: निर्मात्याने यंत्राला दिलेला क्रमांक, उड्डाण नियंत्रकाचा क्रमांक आणि रिमोटचा क्रमांक. दुकानातून आणलेल्या ड्रोनवर हे तिन्ही छापलेले असतात. माझ्या बाबतीत निर्माता मीच, त्यामुळे यंत्राला क्रमांक द्यायचा तोही मीच. कार्यशाळेत प्रशिक्षणार्थींच्या जॉबना आम्ही जसे क्रमांक देत असू त्याच पद्धतीने माझी आद्याक्षरे, वर्ष आणि ०१ असा क्रमांक मी ठरवला. रिमोटचा क्रमांक बॅटरीच्या झाकणाखाली सापडला. उड्डाण नियंत्रकावर मात्र काहीच नव्हते. तो ३६ मिलिमीटर चौरस हिरवा तुकडा मी भिंगाखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. घटकांची नावे दिसली, क्रमांक नाही.

इथे एका जुन्या विद्यार्थ्याची मदत झाली, जो आता शिवाजी उद्यमनगरात संगणकाने चालणारी यंत्रे दुरुस्त करतो. त्याने सांगितले, “सर, पाटीवर नसला तरी चिपच्या पोटात असतोय.” त्या नियंत्रकातल्या मुख्य चिपला कारखान्यातच ९६ बिटांचा एक ओळख क्रमांक दिलेला असतो आणि नियंत्रक संगणकाला जोडून एक आज्ञा दिली की तो पडद्यावर येतो. २४ अक्षरांची ती ओळ मी वहीत उतरवून घेतली, रात्री अर्जात भरली, आणि पाठवण्यापूर्वी जुन्या सवयीने पुन्हा मोजली तर २३ भरली. एका ठिकाणी लागोपाठ आलेली दोन शून्ये मी एकच लिहिली होती. वहीवरून न लिहिता थेट संगणकावरून नक्कल करायला हवी होती, हे समजायला मला एवढा वेळ लागला. काही दिवसांनी ओळख क्रमांक मिळाला.

तो क्रमांक ड्रोनवर कसा लावावा याबद्दल मी माझ्यापुरता निर्णय घेतला. २०१८ च्या नियमावलीत आगीत न जळणाऱ्या पट्टीवर क्रमांक कोरून ती यंत्राला लावण्याची अट होती, आणि नियमावली जुनी झाली तरी कल्पना मला पटली, कारण लिपो बॅटरी पेटली तर कागदी चिकटपट्टी पहिल्यांदा जाते. म्हणून अॅल्युमिनियमच्या अर्ध्या मिलिमीटर पत्र्याची पट्टी कापली, कडा कानशीने मारल्या, आणि अक्षरांचे पंच व हातोडी घेऊन एकेक अक्षर ठोकले. ३१ वर्षे मुलांना जे शिकवले ते स्वतःच्या विमानासाठी करताना, खोटे कशाला बोलू, हात थोडा थरथरला. पट्टीचे वजन ६ ग्रॅम झाले.

मग नकाशा. डिजिटल स्कायवर देशाचा हवाई नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत आहे. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी, लालमध्ये केंद्र सरकारची. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचे कडे जमिनीपासूनच पिवळे असते, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात २०० फूट, म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवे आणि त्यावर पिवळे. आमचे घर मंगळवार पेठेत आहे. उजळाईवाडीचा विमानतळ आम्हाला कधी जवळ वाटला नाही, पण नकाशावर कडी पाहिली तेव्हा जुन्या शहराचा बहुतेक भाग पिवळ्यात दिसला, आणि माझी गच्ची त्यात मधोमध. म्हणजे ज्या गच्चीवर तीन महिने बसून मी यंत्र जुळवले तिथून ते वीतभर उचलायलाही परवानगी हवी. पश्चिमेला फुलेवाडी ओलांडली की ६० मीटरचे कडे लागते, आणि गगनबावड्याच्या रस्त्याने आणखी पुढे, कळ्याच्या बाजूला, १२० मीटरचा मोकळा हिरवा पट्टा मिळतो. तिथे माझ्या एका सहकाऱ्याचे शेत आहे, जागा ठरली.

पिवळ्या भागासाठी परवानगी मागता येते हे मला माहीत आहे. मी ती मागितली नाही, कारण गच्चीवरून उडवण्याच्या हौसेपायी विमाने उतरवणाऱ्या माणसाने माझा अर्ज वाचावा, हे मला योग्य वाटले नाही.

यानंतर जे काम सर्वांत जास्त वेळखाऊ ठरले त्याचा उल्लेख मला कोणत्याही सल्ल्यात आढळला नव्हता. नॅनो सोडून इतर ड्रोनना त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो, आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारांसह लागू होतात, असे नियमांत एका छोट्या कलमात म्हटले आहे. माझ्या स्कूटरचा विमा जो प्रतिनिधी पंधरा वर्षे काढतो त्याच्याकडे गेलो. त्याने अर्ज समोर घेतला आणि विचारले, “चेसिस नंबर?” मी तिन्ही अनुक्रमांक दाखवले. त्याने वरिष्ठांना फोन लावला, वरिष्ठांनी प्रकार प्रमाणपत्र मागितले, आणि मॉडेलला ते लागत नाही हे नियमातले कलम मी वाचून दाखवल्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. दुसऱ्या एका कंपनीने विमा द्यायची तयारी दाखवली, पण पाच ड्रोनपेक्षा कमी ताफा असल्यास नाही. असे जवळजवळ दोन महिने गेले. शेवटी पुण्यातल्या एका मध्यस्थामार्फत एका यंत्राचा विमा मिळाला. हप्ता यंत्राच्या किमतीच्या मानाने जड आहे, पण माझ्या यंत्राने कोणाची गाडी फोडली किंवा डोके फोडले तर भरपाई यंत्राच्या किमतीवर ठरणार नाही, हेही खरेच.

पावसाळा लागला होता आणि त्याच सुमारास, जून-जुलै २०२४ मध्ये, पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन दिसतात, चोर घरांची टेहळणी करतात, अशा बातम्यांनी गावेच्या गावे जागी राहत होती. ते संदेश आमच्या भागातल्या फोनवरही फिरत होते. अशा वेळी शहरातून मोटारसायकलवर एक म्हातारा येतो आणि उसाच्या कडेने यंत्र उडवतो, हे गावाला कसे दिसेल याचा विचार करून मी सहकाऱ्याबरोबर पोलीस पाटलांकडे गेलो. असे करावे असे नियमांत कुठेही लिहिलेले नाही. नोंदणीची प्रत, विम्याची प्रत आणि पट्टी ठोकलेले यंत्र त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “मास्तर, दिवसाचंच उडवा. अंधार पडल्यावर पोरांनी दगुड मारला तर माझ्याकडं येऊ नगासा.” मला ही अट राजपत्रातल्या कोणत्याही अटीपेक्षा नेमकी वाटली.

पहिले खरे उड्डाण ऑक्टोबरमध्ये, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात झाले. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय पाहून त्या भागाला काही नवे निर्बंध आहेत का हे तपासणे चालकावर बंधनकारक आहे, कारण राज्य सरकार किंवा पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी कमाल ९६ तासांसाठी तात्पुरता लाल करू शकतो. सभा, मोठी यात्रा, कोणा मान्यवराचा दौरा, अशा वेळी हे होते. नोव्हेंबरात निवडणुकीच्या प्रचारसभा चालू असताना मी यंत्राला हातच लावला नाही. विचारपूस करण्यापेक्षा ते सोपे होते.

नजरेच्या टप्प्यात ठेवणे म्हणजे काय, हे कागदावर वाचून कळत नाही. माझा ४५० मिलिमीटरचा सांगाडा १०० मीटर वर गेला की घारीएवढा दिसतो, आणि २५० मीटर दूर गेला की दिसतो म्हणण्यापेक्षा आहे असे वाटते. पण दिसणे पुरेसे नाही; त्याचे तोंड कुठे आहे हे कळले पाहिजे, नाही तर डावीकडे द्यायच्या ऐवजी उजवीकडे दिले जाते. पुढच्या दोन हातांना भडक नारिंगी चिकटपट्टी लावल्यावरही १५० मीटरच्या पुढे माझे डोळे फसू लागले, म्हणून माझा टप्पा मी तेवढाच ठरवला. दुसरा फसवणारा मुद्दा उंचीचा. १२० मीटर हे जमिनीपासून मोजायचे, आणि यंत्र मात्र जिथून उचलले तिथून उंची दाखवते. टेकाडावरून उडवून ओढ्याच्या बाजूला नेले की आकडा तोच राहतो आणि पायाखालची जमीन २०-२५ मीटर खाली गेलेली असते. मी रिमोटवरची मर्यादा म्हणून ९० मीटरवर बांधून टाकली.

पन्हाळ्याचा मोह झाला, हे कबूल करतो. नकाशावर गड विमानतळापासून दूर आहे आणि तीन दरवाजाच्या बाजूने सज्जाकोठी वरून कशी दिसेल, हे चित्र माझ्या डोक्यात होते. पण नकाशाचा हिरवा रंग फक्त विमान वाहतुकीपुरते उत्तर देतो. पन्हाळा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालचे स्मारक आहे आणि तिथे ड्रोनने चित्रण करायला त्या खात्याची वेगळी परवानगी लागते. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यावर उडवायचे तर वनखात्याची. मी गडावर गेलो, यंत्र घरी ठेवून. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यावर तर पर्यटकांची गर्दी पाहूनच डोक्यावरून पाती फिरवावीत असे वाटेनासे झाले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये यंत्र पडले. दोष पूर्णपणे माझा. पात्यांवरचे चारही नट प्रत्येक उड्डाणापूर्वी आवळायचे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. त्या दिवशी बॅटरी बदलताना तिघांचे तपासले आणि चौथ्याच्या वेळी सहकाऱ्याने चहाचा कप हातात दिला. ७० मीटरवर पाते सुटले. चार मोटरींच्या यंत्रात एक गेली की उरलेल्या तिघी त्याला सावरू शकत नाहीत. ते गरगरत, आवाज बदलत खाली आले आणि तोडणीला आलेल्या उसात शिरले. रिमोटची कांडी हातात होती, तिला काहीच अर्थ उरला नव्हता. मी पहिल्यांदा पाहिले ते उसाच्या कडेने कोणी माणूस आहे का. नव्हते.

शेजारच्या शेताचे मालक बांधावरून ओरडले, “मास्तर, कुठं पडलं तुमचं इमान? उसात शिरू नगासा, अंग कापंल.” त्यांचे बरोबर होते. बारा फुटी उसात पाल्याच्या करवतीने हात, मान, कान सगळे चरचरते, आणि दहा पावले गेल्यावर आपण कुठे आहोत हेही कळत नाही. माझी घाई यंत्रासाठी नव्हती. लिपो बॅटरीला मार बसला तर ती काही वेळाने पेटू शकते, आणि वाळलेल्या पाल्यात ती पेटली असती तर माझ्या विम्याची परीक्षा त्याच दिवशी झाली असती. गोधडी अंगावर घेऊन आम्ही तिघे आत शिरलो. पाऊण तासाने नारिंगी पट्टी दिसली. बॅटरी एका बाजूला फुगली होती. ती काढून मोकळ्या रानात मातीत ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवले. दोन हात मोडले होते, उड्डाण नियंत्रक मधोमध तडकला होता. पट्टी शाबूत होती. मालकांनी ती वाचली आणि विचारले, “म्हंजे ह्येचा बी आर्टीओ हाय म्हना की.”

दुरुस्ती जानेवारीत झाली. योगायोग असा की माझे यंत्र टेबलावर सुटे पडलेले असताना १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. ड्रोन नियम मात्र चालूच राहिले. नवा उड्डाण नियंत्रक बसवला की यंत्राचा ओळख क्रमांक तोच राहतो, पण त्याला बांधलेला अनुक्रमांक बदलतो, आणि तो बदल सात दिवसांच्या आत, किंवा त्याआधी उडवायचे असेल तर उडवण्यापूर्वी, नोंदवावा लागतो. हौशी माणसे नियंत्रक वर्षातून दोन-तीनदा बदलतात आणि ही नोंद सर्रास विसरतात, असे माझ्या त्या विद्यार्थ्याचे म्हणणे. नियम मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये आहे. माझे आख्खे यंत्र पंधरा हजारांत झाले. या वेळी २४ अक्षरांची ओळ मी हाताने उतरवली नाही. संगणकावरून थेट उचलली, मोजली, २४ भरली, आणि त्याच रात्री नोंदवली. विम्याच्या मध्यस्थालाही नवा क्रमांक कळवला; त्याचे उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि तोवर यंत्र कपाटावर बसून राहिले.

फेब्रुवारीत तोडणी होऊन शेत मोकळे झाल्यावर पुन्हा तिथेच गेलो. वहीतली त्या दिवसाची नोंद अशी आहे: ‘सकाळी ७.५०. नकाशा पाहिला, हिरवा, निर्बंध नाही. वारा मंद. बॅटरी क्र. ३. नट चारही तपासले, चहा नंतर. उंची ४० मीटर, वेळ ६ मिनिटे. शेजारी पाहायला आले होते. त्यांच्या खोडव्यात कुठे फुटवा कमी आहे ते वरून बघून सांगा म्हणाले, पैसे देतो म्हणाले. बघून सांगितले. पैसे घेतले नाहीत, कारण घेतले असते तर प्रमाणपत्र लागले असते. त्यांनी गूळ दिला.’